ओसाका, सिंगापूर, मुंबई : आशियात नशीब काढायला आलेली अमेरिकन ट्रेडर पोरं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी फोर्टात एका छोट्या ब्रोकरकडे सहा वर्षं जॉबर होतो, म्हणजे ब्रोकरच्या पैशांनी दिवसभर सौदे करणारा, एनएसई-बीएसईमधल्या भावाच्या फरकावर काम करायचो. तेव्हापासून या विषयाचं वेड आहे. नव्या पोरांना शिकवताना तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय.

ही नेमकी कुठली पोरं? आणि कधीची गोष्ट?

मुख्य काळ १९८५ ते २०००. टोकियो स्टॉक एक्स्चेंजने परदेशी कंपन्यांना पहिल्यांदा मेंबरशिप दिली ती १९८५-८६ च्या सुमारास, त्यात मेरिल लिंच, गोल्डमन सॅक्स, मॉर्गन स्टॅनली या अमेरिकन कंपन्या होत्या. मग त्यांना तिथे बसायला माणसं हवी होती. न्यूयॉर्कमधला मुरलेला, बायकापोरांवाला ट्रेडर कशाला टोकियोला जाईल, म्हणून कॉलेजमधून नुकती बाहेर पडलेली बावीस-चोविशीची पोरं पाठवली गेली, बऱ्याच जणांना जपानी अजिबात यायचं नाही. दिवसभर स्क्रीन आणि रात्री रोप्पोंगी, जिथे परदेशी लोकांचे बार आहेत, असं त्यांचं आयुष्य.

त्या वयात एवढ्या लांब एकट्याने जायचं आणि पहिल्या महिन्यापासून दुसऱ्याचे कोट्यवधी हाताळायचे, ही साधी गोष्ट नाही. मला त्या पोरांबद्दल खरंच आदर आहे, सगळ्यांबद्दल नाही, पण बऱ्याच जणांबद्दल.

आर्बिट्राज म्हणजे काय, एकदा सोप्या भाषेत सांगा ना.

एकच वस्तू दोन बाजारांत दोन भावांना मिळत असेल तर स्वस्त तिथे घ्यायची आणि त्याच क्षणी महाग तिथे विकायची. बाजार वर जाओ की खाली, तुम्हाला फरक पडत नाही, मधला फरक तुमचा. आमच्याकडे याला दोन लेग म्हणायचे, एक खरेदीचा पाय आणि एक विक्रीचा. दोन्ही पाय जमिनीवर असतील तर तुम्ही आर्बिट्राज करताय, एक पाय उघडा राहिला की तुम्ही सट्टा खेळताय, मग तुमच्या व्हिजिटिंग कार्डवर काहीही छापलेलं असो. पुढचं सगळं वाचताना ही दोन पायांची गोष्ट डोक्यात ठेवा, कारण ज्यांनी पैसे केले आणि जे बुडाले त्यांच्यातला फरक बहुतेक वेळा इथेच सापडतो.

ओसाका-सिंगापूरचा धंदा नेमका कसा चालायचा?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, जरा सविस्तर सांगतो.

निक्केई २२५ हा जपानचा निर्देशांक, पण त्याचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचा सौदा आजच्या ठरलेल्या भावाला) पहिल्यांदा सुरू झाले ते जपानच्या बाहेर, सिंगापूरच्या सायमेक्स एक्स्चेंजवर, सप्टेंबर १९८६ मध्ये. ओसाकाला तेच फ्युचर्स यायला सप्टेंबर १९८८ उजाडला. म्हणजे एकच निक्केई, दोन शहरं. ओसाकाचा एक कॉन्ट्रॅक्ट म्हणजे निर्देशांक गुणिले १,००० येन, सिंगापूरचा एक म्हणजे गुणिले ५००. म्हणून ओसाकाचा एक विकला की सिंगापूरचे दोन घ्यायचे, हिशोब बरोबर जुळतो. शिवाय ओसाकाचा भाव १० अंकांच्या पायरीने हलायचा आणि सिंगापूरचा ५ अंकांच्या, त्यामुळे नुसत्या पायऱ्यांमुळेही फट पडायची.

त्यात ओसाका कॉम्प्युटरवर चालायचं आणि सिंगापूर ओरडून. सायमेक्स उभं केलं तेच शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजच्या मदतीने, त्यामुळे तिथला पिट, म्हणजे ओरडून सौदे करायची जागा, अगदी शिकागोसारखा, रंगीबेरंगी जॅकेट घातलेली पोरं पायऱ्यांवर उभी राहून हाताने भाव दाखवतायत, तळवा स्वतःकडे म्हणजे घेतो, तळवा समोरच्याकडे म्हणजे विकतो. एखादी मोठी ऑर्डर पिटात आली की तिथला भाव एकदम दचकायचा आणि ओसाकाच्या स्क्रीनला ते कळायला काही सेकंद लागायचे.

आता समजा ओसाकाला भाव १८,००० आहे आणि सिंगापूरला १७,९८५. ट्रेडरच्या एका कानाला सिंगापूरचा फोन, हात ओसाकाच्या कीबोर्डवर. ओसाकाला १०० विकायचे, सिंगापूरला २०० घ्यायचे. फरक १५ अंक, गुणिले १,००० येन, गुणिले १०० कॉन्ट्रॅक्ट, झाले १५ लाख येन. डॉलर १०० येनच्या आसपास असतानाच्या दिवसांत म्हणजे १५,००० डॉलर, खर्च वजा करायचा, पण हे सगळं पंधरा-वीस सेकंदांत आणि दिवसातून अनेकदा. भाव परत जवळ आले की उलटा सौदा करून दोन्ही पाय उचलायचे. बास, एवढंच. हे ऐकायला सोपं वाटतं पण फोनवरच्या माणसाने २०० ऐवजी १२० च मिळाले असं सांगितलं की पोटात गोळा येतो, कारण ओसाकाचे १०० तर विकून बसलोय.

जपानी लोकांना हे दिसत नव्हतं का? त्यांचाच तर बाजार होता.

दिसत होतं हो. जपानी माणूस गणितात कमी आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याला काही माहीत नाही. अडचण धंद्याच्या रचनेत होती. नोमुरा, दायवा, निक्को, यामाइची या चार मोठ्या कंपन्या दलालीवर जगायच्या आणि जपानमध्ये दलालीचे दर ठरवून दिलेले होते, ते पूर्ण मोकळे झाले ऑक्टोबर १९९९ मध्ये. गिऱ्हाइकाकडून पक्की दलाली येत असताना स्वतःचे पैसे लावून पाच अंकांच्या मागे कोण धावणार. शिवाय तिथे पगार सीनियॉरिटीवर आणि माणसाला दर दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या खात्यात टाकायचे, म्हणजे हात बसेपर्यंत बदली. अमेरिकन कंपनीत पोरगा एकाच डेस्कवर बसायचा आणि त्याने जेवढं कमावलं त्यावर बोनस. तो जीव तोडून काम करणारच.

अमेरिकन ट्रेडर्सनी जपानचा बाजार पाडला, हे खरं आहे का?

जपानमध्ये १९९० मध्ये असं उघड बोललं जायचं, आणि सॉलोमन ब्रदर्स या अमेरिकन कंपनीचं नाव सगळ्यात पुढे असायचं. झालं असं होतं की बूमच्या काळात निक्केई फ्युचर्स फार महाग झाले, म्हणून या लोकांनी फ्युचर्स विकले आणि निक्केईतल्या २२५ कंपन्यांचे शेअर्स घेऊन ठेवले. पुढे फ्युचर्स घसरले तेव्हा सौदा उलटा करायला त्यांनी ते शेअर्स एका झटक्यात बाजारात विकले. ज्याच्याकडे ते शेअर्स आयुष्यभराची बचत म्हणून होते त्याला काय दिसलं, तर परदेशी कंपनी विकतेय आणि भाव कोसळतोय. राग येणं साहजिक आहे.

पण खरं कारण वेगळं होतं. निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५.८७ वर बंद झाला, आणि बँक ऑफ जपानने आपला व्याजदर मे १९८९ मधल्या २.५ टक्क्यांवरून ऑगस्ट १९९० पर्यंत ६ टक्क्यांवर नेला. जमिनी आणि शेअर्स दोन्ही कर्जावर फुगलेले, व्याज वाढल्यावर ते टिकणार नव्हतेच. माझं मत विचाराल तर आर्बिट्राजवाल्यांनी काही दिवसांची घसरण जास्त वेगाने करून दिली, घसरण त्यांनी आणली नाही. सरकारने मात्र ओसाकाला मार्जिन (सौद्यासाठी आधी भरायची रक्कम) वाढवलं, नियम कडक केले, आणि त्याचा परिणाम उलटाच झाला, धंदा सिंगापूरला सरकला. निक्केईला तो १९८९ चा आकडा परत ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडला, चौतीस वर्षं. जपानमधल्या एखाद्या कुटुंबाने १९८९ मध्ये घेतलेले शेअर्स आजोबांकडून नातवाकडे गेले असतील तोवर.

निक लीसन अमेरिकन होता का?

नाही, इंग्लिश. लंडनजवळच्या वॉटफर्डचा. पण त्याच्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही, कारण तो नेमका हाच ओसाका-सिंगापूरचा धंदा करायला बसवला होता. त्याची बँक म्हणजे लंडनची बॅरिंग्ज, १७६२ ची. वरच्यांना वाटत होतं पोरगा दोन बाजारांतला फरक कमावतोय, जोखीम काही नाही. प्रत्यक्षात त्याचा एक पाय कायम उघडा होता, आणि तोटा ८८८८८ नंबरच्या एरर अकाउंटमध्ये, म्हणजे चुकीचे सौदे टाकायच्या खात्यात, लपवलेला. त्याच्याच सांगण्यानुसार सुरुवात झाली ती १९९२ मध्ये, एका नवख्या मुलीने घ्यायचे २० कॉन्ट्रॅक्ट चुकून विकले तिथून.

१७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५.४६ ला कोबेला भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. लीसनने निक्केईचे ऑप्शन्स (ठरलेल्या भावाला घ्यायचा हक्क म्हणजे कॉल, विकायचा हक्क म्हणजे पुट) दोन्ही प्रकारचे विकून ठेवले होते, म्हणजे बाजार शांत राहावा यावर पैसे लावले होते. २३ जानेवारीला निक्केई एका दिवसात हजारावर अंकांनी पडला. तो तोटा घेऊन बाहेर पडायच्या ऐवजी अजून फ्युचर्स घेत गेला, जणू एकटा माणूस बाजार वर उचलेल. फेब्रुवारी संपता संपता बँक बुडाली, तोटा ८२.७ कोटी पौंड. आयएनजी या डच कंपनीने बॅरिंग्ज विकत घेतली ती १ पौंडाला. लीसन २८ वर्षांचा होता, सिंगापूरमध्ये साडेसहा वर्षांची शिक्षा झाली.

पण एवढा हुशार माणूस तोटा लपवत का जातो? सरळ सांगून मोकळं व्हायचं ना.

हे बाहेरून सोपं वाटतं. माझं सांगतो. आमच्या टर्मिनलवर एफ-वन दाबलं की खरेदीची निळी खिडकी उघडायची आणि एफ-टू दाबलं की विक्रीची लाल. एकदा एका सिमेंट कंपनीचे २,००० शेअर एनएसईवर घेतले आणि बीएसईवर विकायच्या ऐवजी घाईत तिथेही एफ-वन दाबलं. झाले ४,००० घेतलेले, विकलेला एकही नाही. लगेच लक्षात आलं, तेव्हा विकले असते तर पाचशे-सातशे रुपयांवर भागलं असतं. पण मी थांबलो, म्हटलं थोडा वर येईल, कोणाला कळायचं नाही. वीस मिनिटं थांबलो. हात घामाने ओले, शेजारचा मित्र काहीतरी विचारतोय ते ऐकूच येत नाही. शेवटी विकले तेव्हा साडेचार रुपये खाली, म्हणजे १८,००० गेले, आणि माझा पगार तेव्हा १२,०००.

शेठना जाऊन सांगितलं. ते चिडले नाहीत, फक्त म्हणाले पहिल्या मिनिटाला आला असतास तर. माझ्या टर्मिनलवर ८८८८८ सारखं खातं नव्हतं, असतं तर त्या वीस मिनिटांत मी काय केलं असतं हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. लीसनचं सगळ्यात मोठं दुर्दैव हे की सौदे करणारा आणि हिशोब ठेवणारा दोन्ही तोच होता, सिंगापूरचं बॅक ऑफिसही त्याच्याच हाताखाली. म्हणून जिथे ही दोन कामं वेगळ्या माणसांकडे नाहीत तिथे नोकरीच करू नका.

पैसे किती मिळायचे हो?

सगळ्यांना भरमसाट मिळायचे असं नाही. मूळ पगार ठीकठाक, खरा पैसा वर्षअखेरच्या बोनसमध्ये. अंदाज यावा म्हणून सांगतो, लीसनला १९९४ साठी ४,५०,००० पौंड बोनस ठरला होता, तेही जो नफा मुळात नव्हताच त्याच्यावर. आणि बोनस नफ्यात वाटा देतो पण तोट्यात वाटा मागत नाही, पोरगा बुडवून गेला तर तोटा कंपनीचा. पंचविशीतल्या माणसाच्या हातात अशी सोय दिली की तो जास्त धोका पत्करणार, यात त्याचा स्वभाव वाईट असायची गरज नाही.

हाँगकाँगला १९९८ मध्ये काय झालं होतं?

थोडक्यात सांगतो. २ जुलै १९९७ ला थायलंडने आपल्या बाथचा डॉलरशी बांधलेला दर सोडून दिला आणि आशियाई संकट सुरू झालं. हाँगकाँगचा डॉलर अमेरिकन डॉलरला ७.८० च्या आसपास बांधलेला आहे. हेज फंडांनी (श्रीमंतांचे पैसे घेऊन मोठे डाव खेळणारे फंड), ज्यात अमेरिकन बरेच होते, दुहेरी डाव टाकला. एकीकडे हाँगकाँग डॉलर विकायचा, त्याने तिथले व्याजदर आपोआप वर जातात, व्याजदर वर गेले की शेअर्स पडतात, आणि हँगसेंग या तिथल्या निर्देशांकाचे फ्युचर्स आधीच विकून ठेवलेले. चलन नाही पडलं तरी फ्युचर्समध्ये कमाई.

सरकारने जे केलं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १४ ते २८ ऑगस्ट १९९८ या दोन आठवड्यांत सुमारे ११८ अब्ज हाँगकाँग डॉलरचे शेअर्स स्वतः बाजारात उतरून घेतले. शेवटच्या दिवशी ७९ अब्जांची उलाढाल, तेव्हाचा विक्रम, फंड विकतायत आणि सरकार घेतंय. सरकारने बाजारात हात घालावा का यावर तेव्हा जगभर टीका झाली, मला मात्र वाटतं त्यांनी बरोबर केलं, कारण इथे फंड नुसती फट शोधत नव्हते, स्वतः फट पाडत होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये ते शेअर्स ट्रॅकर फंड काढून सामान्य लोकांना विकायला सुरुवात झाली. शेअर्स गुपचूप न विकता असे विकले, हे मला फार आवडलं.

एप्रिल २००० ची निक्केईची गोष्ट इतकी का सांगतात?

कारण त्यात कोणी काही लपवलं नव्हतं, सगळं जाहीर होतं, तरी एका आठवड्यात प्रचंड पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला.

१४ एप्रिल २०००, शुक्रवारी जाहीर झालं की निक्केईतले २२५ पैकी ३० शेअर्स बदलणार, २४ तारखेपासून. निक्केईत कंपनीचा आकार मोजत नाहीत, शेअरचा भाव मोजतात. बाहेर जाणारे जुन्या उद्योगांचे स्वस्त भावाचे शेअर्स आणि आत येणारे बरेचसे टेक्नॉलॉजीचे, महाग भावाचे. आता इंडेक्स फंडाचं, म्हणजे निर्देशांकातले शेअर्स जसेच्या तसे ठेवणाऱ्या फंडाचं काय, त्याला २१ तारखेच्या शुक्रवारपर्यंत नवे ३० घ्यायलाच हवेत, महाग असले तरी. आणि तेवढे पैसे आणायचे कुठून, तर उरलेल्या १९५ मधले पण थोडे थोडे विकून. म्हणजे कोण काय घेणार, काय विकणार, कधीपर्यंत, हे सगळं कॅलक्युलेटरवर मांडता येत होतं. ज्या ट्रेडरने त्या शनिवार-रविवारी बसून मांडलं त्याने सोमवारपासून फंडांच्या आधी खरेदी केली आणि शुक्रवारी त्यांनाच विकली. आत येणारे शेअर्स आठवडाभर चढत गेले, जाणारे पडत गेले, आणि २४ नंतर चढलेले बरेच खाली आले.

यात कायदा कोणी मोडला नाही. पण ते इंडेक्स फंड म्हणजे कोण, तर जपानी पेन्शनवाले, विमावाले. मला हे प्रकरण वाचताना नेहमी थोडं कसंतरी होतं. चूक मी निर्देशांक ठरवणाऱ्यांची मानतो, एवढा मोठा बदल हप्त्याहप्त्याने करता आला असता.

आता तर सगळं कॉम्प्युटरवर झालंय. असा काही फरक उरलाय का?

ओसाका-सिंगापूरमधली फट आज माणसाच्या हाताला लागणार नाही. पण नवा बाजार निघाला की नवी फट असतेच. २०१८ च्या सुरुवातीला बिटकॉइन अमेरिकेपेक्षा जपानमध्ये सुमारे १० टक्के महाग होता, कोरियात तर एका वेळी ५० टक्क्यांच्या जवळ. कोरियातून पैसे बाहेर काढायला निर्बंध, म्हणून तिथला फरक नुसता बघायचा. जपानमधून काढता येत होते, पण बँकांना राजी करणं, येन विकून डॉलर आणणं, रोजच्या रोज, बँक बंद व्हायच्या आत, हे खरं काम होतं. कॅलिफोर्नियातल्या एका टोळक्याने ते जमवलं, त्यांचा म्होरक्या पंचविशीतला सॅम बँकमन-फ्रीड, कंपनी अलामेडा रिसर्च. पुढे तो हाँगकाँगला गेला, २०१९ मध्ये एफटीएक्स नावाचं क्रिप्टोचं एक्स्चेंज काढलं. फट बुजली, पण मोठं व्हायची घाई नाही बुजली, गिऱ्हाइकांचे पैसे अलामेडाकडे वळवले, नोव्हेंबर २०२२ मध्ये सगळं कोसळलं. मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा. जपानचा सौदा दोन पायांचा होता, स्वच्छ होता. तिथे थांबला असता तरी श्रीमंत होता.

जेन स्ट्रीटचं आपल्याकडचं प्रकरण काय आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि आपल्या घरातला.

जेन स्ट्रीट २००० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली कंपनी, गणितात तरबेज तरुण पोरं घेण्यासाठी प्रसिद्ध, सॅम बँकमन-फ्रीड पण तिथूनच निघालेला. भारतात त्यांचं काय चाललंय हे लोकांना कळलं ते योगायोगाने. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी त्यांच्या दोन जुन्या ट्रेडर्सवर आणि मिलेनियम या फंडावर न्यूयॉर्कच्या कोर्टात केस केली की आमची गुपित पद्धत चोरली, आणि सुनावणीत बाहेर आलं की ती पद्धत भारतातल्या ऑप्शन्सची आहे आणि २०२३ मध्ये तिने सुमारे १ अब्ज डॉलर कमावून दिले. केस डिसेंबर २०२४ मध्ये मिटली, पण तोवर सेबीचे, म्हणजे आपल्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे कान उभे राहिले होते.

३ जुलै २०२५ ला सेबीचा अंतरिम आदेश आला. त्यातला १७ जानेवारी २०२४ चा बुधवार बघा. आदल्या संध्याकाळी एचडीएफसी बँकेचा तिमाही निकाल आला होता, बँक निफ्टी (बँकांच्या शेअर्सचा निर्देशांक) खाली उघडला. त्या दिवशी बँक निफ्टीची वीकली एक्स्पायरी, म्हणजे त्या आठवड्याच्या ऑप्शन्सची मुदत संपायचा दिवस. सेबीचं म्हणणं असं की सकाळी कंपनीने ४,३७० कोटींचे बँक निफ्टीतले शेअर्स आणि फ्युचर्स घेतले, त्याने निर्देशांक वर धरला गेला, आणि त्याच वेळी ऑप्शन्समध्ये त्याहून कितीतरी मोठी मंदीची पोझिशन बांधली, म्हणजे निर्देशांक पडला की फायदा. दुपारी शेअर्स आणि फ्युचर्स विकून टाकले, निर्देशांक खाली. शेअर्स-फ्युचर्समध्ये तोटा ६१.६ कोटी, ऑप्शन्समध्ये नफा ७३४.९३ कोटी. त्या दिवशी बँक निफ्टी ऑप्शन्सची उलाढाल खालच्या शेअर्सच्या ३५३ पट होती असंही आदेशात आहे. म्हणजे छोट्या हौदातलं पाणी हलवलं की मोठ्या हौदातली पातळी बदलते. सेबीने ४,८४३.५७ कोटी जप्त करायला सांगितले, कंपनीने ते जमा केले आणि सॅटमध्ये, म्हणजे सेबीच्या आदेशांवर अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, अपील केलं.

म्हणजे ते दोषी आहेत की नाहीत?

अंतरिम आदेश म्हणजे आरोप, निकाल नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. कंपनी म्हणते आम्ही साधं इंडेक्स आर्बिट्राज केलं, ऑप्शन्समध्ये आणि शेअर्समध्ये भावाचा फरक होता तो भरून काढला. सेबी म्हणते दोन पाय सारख्या मापाचे असतील तर आर्बिट्राज, इथे एक पाय बोटभर आणि दुसरा हातभर. जॉबर म्हणून मला सेबीचा हा मुद्दा पटतो, मापं जुळत नसतील तर त्याला फरक भरून काढणं कसं म्हणायचं. पण बाजू पूर्ण ऐकून ठरवायचं काम न्यायाधिकरणाचं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. त्या ७३४ कोटींच्या समोर कोण होतं? बुधवारी दुपारी एक्स्पायरीला शेवटच्या तासात दहा-वीस रुपयांचे ऑप्शन घेणारा आपला माणूस, नाशिकचा, सांगलीचा, डोंबिवलीच्या लोकलमध्ये मोबाइलवर चार्ट बघणारा.

मग मी घरी बसून असं काही करू शकतो का?

एनएसई-बीएसईचा फरक किंवा ऑप्शन्सचं आर्बिट्राज घरून मोबाइलवर, नाही. तुमची ऑर्डर पोचायच्या आधी एक्स्चेंजच्या इमारतीत ठेवलेल्या मशीनने तो फरक खाल्लेला असतो, आणि ब्रोकरेज आणि एसटीटी (सौद्यावरचा कर) वजा जाता काही उरत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे काढले, तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. २०२४-२५ चे आकडे आले तरी ९१ टक्के तोट्यात. नोव्हेंबर २०२४ पासून बँक निफ्टीची वीकली एक्स्पायरी बंद झाली, लॉट (एका सौद्यातले कमीत कमी नग) मोठे केले, तरीही. ज्यांना वाटतं आपण त्या ९ टक्क्यांत आहोत त्यांनी आधी आपल्या ब्रोकरच्या ॲपमधला तीन वर्षांचा नफा-तोटा अहवाल डाउनलोड करावा, चार्जेससकट, आणि बायकोसमोर उघडून बघावा.

सिंगापूरला आपल्या निफ्टीचं पण फ्युचर होतं ना?

हो, निक्केईसारखंच. सप्टेंबर २००० पासून. आमचा दिवस सकाळी साडेसहाला एसजीएक्स निफ्टी बघूनच सुरू व्हायचा, गॅसवर चहा आणि हातात फोन. परदेशी फंडांना भारतात नोंदणी न करता तिथे निफ्टी मिळायचा, म्हणून धंदा तिकडे जायचा, ओसाकाला जे झालं तेच. २०१८ मध्ये आपल्या एक्स्चेंजेसनी डेटा द्यायचं बंद करायचं ठरवलं, मग वाटाघाटी झाल्या आणि ३ जुलै २०२३ पासून ते सगळं गुजरातच्या गिफ्ट सिटीत आलं, आता गिफ्ट निफ्टी म्हणतात.

माझा भाचा म्हणतो त्याला सिंगापूर-हाँगकाँगला अशा कंपनीत ट्रेडर व्हायचंय. काय सांगू?

जाऊ दे त्याला. आता वारं उलटं पण वाहतंय, याच कंपन्या पवईच्या आयआयटीत येऊन मुलं घेऊन जातात. फक्त यूट्यूबवरचे कँडलस्टिकचे व्हिडिओ बघून तिथे शिरता येत नाही, प्रॉबॅबिलिटी आणि कोडिंग पक्कं लागतं. इंटरव्ह्यूत साधारण या धाटणीचं विचारतात : एक फासा टाक, जेवढा आकडा येईल तेवढे रुपये तुझे, आकडा आवडला नाही तर एकदाच परत टाकता येईल पण मग दुसरा आकडा घ्यावाच लागेल. हा खेळ खेळायला तू जास्तीत जास्त किती रुपये देशील? उत्तर ४.२५. भाच्याला उत्तर सांगू नका, कागद-पेन्सिल द्या. पहिल्यांदा तीन आला तर परत टाकायचा आणि चार आला तर ठेवायचा, हे का, एवढं त्याने स्वतः शोधून तुम्हाला समजावून सांगितलं तर त्याला फी भरून द्यायला हरकत नाही.